अंगणवाडीत कृत्रिम बुद्धिमत्ता येते आहे, पण यादीत नाव चढल्यानंतर दिव्यांग लेकराचे पुढे काय?

पऱ्हाटी (धागाकर्ती)

जुलै २०२५ मध्ये नागपूर जिल्ह्यातील वडधामना येथे कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड दिलेल्या अंगणवाडीचे उद्घाटन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले, आणि तेव्हापासून आमच्या तालुक्यातील बैठकांमध्ये ‘आपल्याकडे हे कधी येणार’ असे कोणी ना कोणी विचारतेच. नागपूर जिल्हा परिषदेच्या ‘मिशन बाल भरारी’ उपक्रमातील त्या अंगणवाडीत स्मार्ट बोर्ड, टॅब आणि आभासी वास्तव दाखवणारे चष्मे आहेत. खेड्यातल्या लेकरांना चांगल्या वस्तू मिळाल्या तर त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही, त्यामुळे हा धागा त्या उपक्रमाच्या विरोधात काढलेला नाही. मी अमरावती जिल्ह्यात समग्र शिक्षा योजनेअंतर्गत दिव्यांग मुलांची विशेष शिक्षिका म्हणून काम करते, आणि मला प्रश्न पडतो तो अंगणवाडीच्या दारापर्यंत न पोहोचणाऱ्या, किंवा पोहोचूनही कोपऱ्यात बसून राहणाऱ्या लेकरांचा. या नव्या यंत्रांचा उपयोग त्यांना नेमका कोणत्या टप्प्यावर होईल, यावर येथील जाणकारांची मते हवी आहेत.

सध्या बहुतेक सादरीकरणांत एकच गोष्ट सांगितली जाते: मोबाइलच्या कॅमेऱ्याने किंवा आवाजावरून मुलाच्या विकासातील विलंब लवकर ओळखता येईल. माझे मत असे आहे की ओळखण्याची व्यवस्था आपल्याकडे, निदान कागदावर तरी, आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणे अपेक्षित आहे, आणि जन्मजात व्यंग, कमतरता, आजार व विकासातील विलंब अशा चारही अंगांनी ती तपासणी करतात. शाळांसाठी एनसीईआरटीचे ‘प्रशस्त’ हे ॲप २०२२ पासून आहे, ज्यात आधी वर्गशिक्षक आणि नंतर विशेष शिक्षक आपली निरीक्षणे नोंदवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची वेगळी कार्यपद्धतीही जाहीर केली. यातल्या प्रत्येक व्यवस्थेत उणिवा आहेत. परंतु वर्षाचे होऊनही मान न धरणारे किंवा हाकेला न वळणारे लेकरू गावाला ठाऊकच नसते, असे सहसा घडत नाही. सेविकेला ते ठाऊक असते, आणि आजीला तर पहिल्या काही महिन्यांतच शंका आलेली असते.

अडते ते पुढे. यादीत नाव चढते, संदर्भचिठ्ठी मिळते, आणि त्या चिठ्ठीवर जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राचे, म्हणजे सगळे ज्याला डीईआयसी म्हणतात त्याचे नाव असते. धारणी तालुक्यातील गावाहून अमरावतीला यायचे म्हणजे घाट उतरून दीडशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. एकदा तपासणीसाठी कोणीही येईल. पण सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर परिणाम) असलेल्या मुलाला फिजिओथेरपी किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलाला स्पीच थेरपी आठवड्यातून अनेकदा आणि महिनोन्महिने लागते. कापूस वेचणीच्या हंगामात मजुरी बुडवून आईने किती खेपा घालाव्यात? ती येणे थांबवते, आणि अहवालात त्या लेकरापुढे ‘पालक उदासीन’ असा शेरा पडतो. हा शेरा मला अत्यंत अन्यायकारक वाटतो.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण तोही लहान वयात थोडा मागे राहतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत, परंतु ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना जो मोफत शिक्षणाचा हक्क त्यात स्पष्टपणे दिला आहे, तो ६ ते १८ या वयोगटासाठी आहे. ज्या पहिल्या ६ वर्षांत उपचाराचा सर्वाधिक परिणाम होतो, ती वर्षे अंगणवाडीच्या आणि आरोग्य खात्याच्या भरवशावर आहेत. शाळेत आल्यावर तरी माणूस मिळतो का, हा पुढचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेल्या निकालात प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे १ आणि वरच्या स्तरांवर १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. आमच्या भागातील वाचकांनी आपापल्या गट साधन केंद्रात जाऊन हे प्रमाण पडताळून पाहावे.

म्हणून यंत्राकडून माझी अपेक्षा निराळी आहे. एकच लेकरू अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये, आरोग्य पथकाच्या नोंदीत, यूडीआयडी या दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रावर आणि पुढे शाळांच्या यू-डायस या नोंदप्रणालीत वेगवेगळ्या स्पेलिंगने नोंदलेले असते. कोठे आईचे नाव असते, कोठे नसते. अंगणवाडी सोडून पहिलीत जाताना त्याची मागची सगळी माहिती हरवते आणि वर्गशिक्षक पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. या नोंदी जुळवणे आणि ‘या मुलाची चिठ्ठी दिली, पण तो केंद्रावर पोहोचलाच नाही’ असे वेळेवर सांगणे, हे काम यंत्र आमच्यापेक्षा चांगले करील. मला मुलाला ओळखणारे यंत्र देण्यापेक्षा ओळखलेल्या मुलाचा पिच्छा न सोडणारे यंत्र द्यावे, असे माझे म्हणणे आहे. आपल्याला काय वाटते?

मोहफूल

पऱ्हाटीताई, धागा अगदी योग्य वेळी आला. मी मेळघाटात अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. आपण म्हणता तसे ओळखण्याचे काम कागदावर सोपे दिसते, परंतु आमच्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या गटात, तेथेही एक मोठी गफलत होते आणि यंत्र आल्यावर ती वाढेल अशी मला भीती वाटते.

आमची बहुतांश लेकरे कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे, तिचा मराठीशी किंवा हिंदीशी कुळाचा संबंध नाही. तीन वर्षांचे लेकरू अंगणवाडीत येते आणि त्याला मराठीत प्रश्न विचारले जातात: नाव सांग, चित्रातला पक्षी दाखव, चेंडू मला दे. ते गप्प राहते आणि तक्त्यावर ‘भाषाविकासात विलंब’ अशी खूण होते. तेच लेकरू बाहेर पडल्यावर बहिणीशी कोरकूत अखंड बोलत असते. सेविका कोरकू असेल तर तिच्या हे लगेच लक्षात येते. ती बाहेरगावची असेल तर येत नाही. मराठी आवाजांवर शिकवलेले यंत्र हेच करणार, फक्त खात्रीच्या सुरात आणि टक्केवारी देऊन करणार.

याची दुसरी बाजू मला अधिक गंभीर वाटते. ‘त्याला मराठी येत नाही म्हणून बोलत नसेल’ असे समजून खरोखर ऐकू न येणारे मूलही सुटून जाते. गेल्या काही वर्षांपासून मी माझ्या सेविकांना एकच सांगते: लेकराच्या पाठीमागून, ते खेळत असताना, त्याच्या आजीला त्याच्या घरच्या नावाने आणि घरच्या भाषेत हाक मारायला सांगा, टाळ्या वाजवू नका, कारण टाळीचा वारा आणि कंप त्याला जाणवू शकतो. ही तपासणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही, पण कोणाला बेरा टेस्टसाठी (कानाकडून मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो का हे पाहणारी तपासणी) आधी पाठवायचे हे त्यातून कळते.

केंद्राच्या जनजाती कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे ॲप आणले. त्यात सुरुवातीला संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी या भाषा आहेत. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या मैत्रिणींना गोंडीचा लाभ होईल, जरी भामरागडच्या माडिया बोलीला ती गोंडी कितपत जुळेल हे तिकडच्या लोकांनीच सांगावे. कोरकू या पहिल्या चार भाषांत नाही, आणि यवतमाळकडची कोलामीही नाही. ज्या लेकरांची भाषा यंत्राला येत नाही, त्यांच्या भाषाविकासाबद्दल यंत्राने मतप्रदर्शन करू नये, असा नियम करायला काय हरकत आहे?

शून्य_एक

मी मूळचा आर्णीकडचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन्ही ताईंच्या म्हणण्याला थोडी आकडेमोडीची जोड देतो, कारण ‘अचूकता ८० टक्के’ असे ऐकले की सभागृहात टाळ्या पडतात आणि पुढचे कोणी विचारत नाही.

स्वमग्नता (ऑटिझम) ओळखण्याच्या यंत्रांपैकी चांगले म्हणता येईल असे एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी टॅबवरील एक ॲप तयार केले. त्यात मूल छोट्या चित्रफिती पाहते, आणि कॅमेरा त्याची नजर, चेहऱ्यावरील हालचाल, नावाने हाक मारल्यावर मान वळते का, अशा गोष्टी मोजतो. १७ ते ३६ महिन्यांच्या ४७५ मुलांवरील त्याचा अभ्यास २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. स्वमग्न मुलांपैकी सुमारे ८८ टक्के मुले त्याने ओळखली आणि स्वमग्न नसलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलांना बरोबर वगळले. संशोधन म्हणून ही कामगिरी उत्तम आहे. तरीही यंत्राने ज्यांच्यावर खूण केली, त्यांच्यापैकी सुमारे ४१ टक्केच मुले खरोखर स्वमग्न होती, हेही त्याच अभ्यासात दिले आहे.

त्या ४७५ मुलांमध्ये ४९ मुले स्वमग्न होती, म्हणजे जवळजवळ १० टक्के. आता हेच यंत्र एखाद्या तालुक्यातील १,००० लेकरांवर चालवले आणि त्यांच्यात समजा १० जण स्वमग्न आहेत असे धरले, तर यंत्र त्यांतील ९ जणांना शोधील. परंतु उरलेल्या ९९० पैकी १९ टक्के, म्हणजे सुमारे १८८ लेकरांवर चुकीची खूण करील. जवळपास २०० घरांत चिठ्ठी जाईल आणि त्यांतील ९ घरांना तिची गरज असेल. हा गणिताचा भाग झाला. कोरकू बोलणारे मूल, टॅब पहिल्यांदाच पाहणारे मूल, अंगणवाडीच्या पत्र्याखाली मे महिन्यातला उकाडा आणि खिडकीतून येणारा उजेड यांनी यंत्राची नजर आणखी बिघडेल, ते वेगळेच.

यावर ‘चुकीची खूण झाली तर काय बिघडले, पुढे डॉक्टर तपासतीलच’ असे उत्तर मिळते. शहरात ते चालेल. पण पऱ्हाटीताईंनी वर्णन केलेल्या केंद्रावर एकच तज्ज्ञ असेल आणि त्याच्यापुढे २०० जणांची रांग लागली, तर ती ९ लेकरे त्या रांगेत हरवतील. म्हणून ‘यंत्र किती अचूक’ हा प्रश्न ‘पुढे तपासणारे हात किती’ यापासून तोडून विचारता येत नाही.

एका बाबतीत मात्र मी आपल्यापेक्षा आशावादी आहे. आवाज ओळखणारी यंत्रे लहान मुलांच्या बाबतीत चुकतात त्याचे कारण गूढ नाही: मुलांचा स्वरमार्ग आखूड असतो, आवाजाची पट्टी उंच असते, उच्चार घडत असतात, आणि यंत्रांना शिकवलेले बहुतांश आवाज प्रौढांचे असतात. वऱ्हाडीत ‘मले पानी पायजे’ म्हणणारे लेकरू त्यांनी कधी ऐकलेलेच नसते. हे ऐकवता येते. अडचण पैशाची आणि इच्छेची आहे, तंत्राची नाही.

लेकराची_माय

मी यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातली आहे. माझ्या मुलीला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. ती वर्षाची असताना मी एका दवाखान्यात शंका बोलून दाखवली होती, तेव्हा ‘काही मुले उशिरा बोलतात’ असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. निदान झाले तेव्हा ती चौथ्या वर्षात होती. नंतर कळले की यासाठी जगभर एक साधा ठोकताळा आहे: बाळ १ महिन्याचे होईपर्यंत श्रवणाची चाळणी, ३ महिन्यांपर्यंत निदान आणि ६ महिन्यांपर्यंत उपचाराला सुरुवात. त्यामुळे ‘ओळखण्याची व्यवस्था आहे’ हे पऱ्हाटीताईंचे वाक्य मला अर्धेच मान्य आहे. गावाला माझी मुलगी ठाऊक होती, मलाही ठाऊक होते. ज्यांच्या सहीने पुढचा रस्ता उघडतो त्यांना ते ठाऊक नव्हते. आईच्या शंकेला वजन देणारे एखादे यंत्र त्या वेळी माझ्या हातात असते, तर मी त्या टेबलासमोरून इतक्या सहज उठले नसते.

दुसरे असे की कोणते साधन कोणत्या वयात उपयोगी पडते, हे कोणी सांगत नाही. समोरच्याचे बोलणे मोबाइलच्या पडद्यावर मराठीत लिहून दाखवणारे गुगलचे ॲप मला एका हितचिंतकाने मोठ्या उत्साहाने दिले. तोवर मुलगी पाच वर्षांची होती आणि तिला वाचता येत नव्हते. आज ती चौथीत आहे आणि त्याच ॲपचा तिला वर्गात खरा आधार होतो, विशेषतः गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा. खुणांचे मराठीत भाषांतर करणाऱ्या यंत्रांच्या बातम्याही येतात. परंतु ऐकू येणाऱ्या घरात जन्मलेल्या बहिऱ्या लेकराला खुणांची भाषासुद्धा कोणी शिकवलेली नसते. त्याच्याजवळ भाषांतर करण्यासारखी भाषाच नसते. मला खरा उपयोग झाला तो भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशाचा. त्यात १०,००० शब्दांच्या खुणा चित्रफितींसह मोफत पाहता येतात. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर मी आणि माझी सासू, आम्ही दोघी तो पाहून खुणा शिकलो. सासूबाई माझ्यापेक्षा लवकर शिकल्या.

वैनगंगाकाठ

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. दोन मुद्दे थोडक्यात मांडतो.

पहिला मुद्दा पडद्यांचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की २ ते ४ वर्षांच्या मुलांचा बैठा पडदा-वेळ दिवसाला १ तासाहून अधिक नसावा आणि कमी असेल तितका बरा. आभासी वास्तवाचे चष्मे बनवणारी मेटा कंपनी स्वतःच ते १० वर्षांखालील मुलांसाठी नाहीत असे सांगते. फिट येणाऱ्या किंवा दृष्टी कमकुवत असलेल्या लेकराला असे काही लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेले बरे. अंगणवाडीत साधने घेणाऱ्यांनी हे वाचूनच खरेदी करावी.

दुसरा मुद्दा आपल्याच विदर्भातला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि पुढे तीच पद्धत आशांमार्फत देशभर गेली. त्या आरोग्यदूतांजवळ बाळाचे श्वास मोजण्याचे साधन होते, वजनकाटा होता, आणि त्याच पिशवीत औषधही होते. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन तीच बाई त्याच झोपडीत देत असे. ओळखणारा हात आणि उपचार करणारा हात एकच होता, म्हणून ते साधन उपयोगी पडले. नुसते श्वास मोजून चिठ्ठी लिहून दिली असती, तर ती चिठ्ठी पावसाळ्यात नाल्याच्या अलीकडेच राहिली असती. विकासातील विलंबाच्या बाबतीत त्या पिशवीत काय ठेवायचे, हे कोणीतरी आधी ठरवावे आणि मग यंत्राची निविदा काढावी.

पऱ्हाटी

सर, हे उदाहरण मी आमच्या पुढच्या बैठकीत आपल्या नावाशिवाय मांडणार आहे, परवानगी गृहीत धरते.

लेकराची माय, आपला आक्षेप रास्त आहे. श्रवणदोष हा दिसत नाही, त्यामुळे तेथे यंत्राने होणारी चाळणी अनिवार्यच मानली पाहिजे, आणि ती प्रसूती झाली त्याच रुग्णालयात झाली पाहिजे. मी बोलत होते ते अंगणवाडीच्या वयातील, उघड दिसणाऱ्या विलंबाबद्दल.

निर्गुडी

मी वर्धा जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ‘पिशवीत काय ठेवायचे’ याचे माझे उत्तर असे आहे: दोन भेटींच्या मधल्या काळात घरी करायचा व्यायाम, आईच्या भाषेत, आईच्या घरातील वस्तूंनी.

याकरिता मी गेले काही महिने चॅटबॉट वापरून पाहत आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या तीन वर्षांच्या मुलासाठी बसण्याचा तोल सुधारणारे खेळ विचारले, तर पहिल्या उत्तरात थेरपी बॉल, फोमचे ठोकळे आणि खास खुर्ची येते. घरात बाज, गोणपाट, सरकीची पोती, पितळी गुंड आणि तुरीच्या शेंगा आहेत असे सांगितले की उत्तर बदलते: सरकी भरलेल्या लहान पोत्याचा पाठीला आधार, मांडी घालून बसवून समोर शेंगा सोलायला देणे, शेंगांची टोपली हळूहळू एका बाजूला सरकवणे म्हणजे लेकरू वळून हात लांबवील. हा खेळ मी स्वतः सुचवला असता असाच आहे, आणि आईला तो काम करता करता घेता येतो. लिहिलेले तेच मराठीत वाचून दाखवले जाते, त्यामुळे निरक्षर आजीसुद्धा ऐकू शकते. मात्र प्रत्येक मजकूर मी वाचल्याशिवाय घरी जात नाही, आणि त्याचे कारण सांगते.

अशा अनेक मुलांना गिळण्याची अडचण असते. त्यांना आडवे झोपवून किंवा मान मागे टाकून भरवले तर घास वा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. धड सरळ आणि हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घासांनी भरवावे लागते. एकदा यंत्राने दिलेल्या भरवण्याच्या सूचना वाचायला सुबक होत्या, परंतु मुलाच्या स्थितीबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. आईने त्या जशाच्या तशा पाळल्या असत्या तर काय झाले असते, हे सांगायला नको. फिटच्या गोळ्यांची मात्रा तर यंत्राला विचारूच नये. ज्या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराने लेकराच्या जिवाला धोका आहे, तो प्रश्न माणसालाच विचारायचा, असे मी पालकांना सांगते. खेळ, गाणी, गोष्टी, रोजच्या कामात घालायचे व्यायाम यांच्यासाठी यंत्र जरूर वापरावे.

आणखी एक. ज्या लेकरांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे मोफत ॲप मराठीतही आहे. चित्रावर बोट ठेवले की ते बोलते. यात कृत्रिम बुद्धिमत्तेची करामत नाही. तरीही आमच्याकडचा एक मुलगा त्यामुळे पहिल्यांदा स्वतःहून पाणी मागू लागला. नव्या यंत्रांच्या चर्चेत अशी जुनी, साधी साधने मागे पडतात याचे मला वैषम्य वाटते.

तिफण

वरील उपयोग करताना लेकराचे नाव, गाव, फोटो आणि निदान चॅटबॉटमध्ये टाकू नये, इतकीच विनंती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक धरली आहे, आणि मुलांवर पाळत ठेवणारी प्रक्रिया सर्वसाधारणपणे निषिद्ध केली आहे. शिक्षण आणि आरोग्य क्षेत्रांना काही सवलती आहेत, पण सवलत म्हणजे बेफिकिरीचा परवाना नव्हे. आमच्या गटाच्या व्हॉट्सॲप समूहांवर दिव्यांग मुलांचे नाव-फोटोसह ‘लाभार्थी’ म्हणून जे दर्शन घडते, ते आधी बंद करावे. ‘तीन वर्षांचा मुलगा, बसता येत नाही’ एवढ्यावर यंत्र तितकेच चांगले उत्तर देते.

वैनगंगाकाठ

तिफण यांच्याशी सहमत. त्याला एक जोडतो. दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, हे पूर्व विदर्भातील शाळांतसुद्धा अनेकांना माहीत नसते. वेदनेचे झटके आले की असे मूल आठ-आठ दिवस घरी राहते. हजेरीवरून ‘शाळा सोडण्याची शक्यता’ वर्तवणारे यंत्र अशा मुलाला अनियमित ठरवील आणि शिक्षक पालकांना बोल लावतील. नोंदी जुळवणारे यंत्र पऱ्हाटीताईंना हवे आहे. त्याने आरोग्याची नोंद आणि हजेरीची नोंद एकत्र वाचली, तर हेच मूल शिक्षेऐवजी गृहाधारित अभ्यासाला पात्र दिसेल. पण ती आरोग्याची नोंद वर्गात कोणाकोणाला दिसावी, हाही प्रश्न तितकाच नाजूक आहे, कारण पुढे मुलींच्या सोयरिकीपर्यंत तो जातो.

शून्य_एक

सर, याला तांत्रिक उत्तर आहे. शिक्षकाला आजाराचे नाव दिसण्याची गरज नाही. ‘वैद्यकीय कारणाने गैरहजर, घरी अभ्यास पोहोचवावा’ एवढीच खूण दिसली तरी काम होते. आजाराचे नाव आरोग्य पथकाकडेच राहील. असे करणे अवघड नाही, परंतु ते निविदेत आधी लिहावे लागते. नंतर जोडता येत नाही, किंवा जोडायचे म्हटले तर कंपनी पुन्हा पैसे मागते.

मोहफूलताई, आपला नियम मला पटला. त्याही पुढे जाऊन मी म्हणेन की यंत्राने उत्तर देण्याआधी ‘मुलाची घरची भाषा कोणती’ हे विचारावे आणि यादीबाहेरची भाषा आली तर भाषेचा भाग तपासायचेच नाकारावे. कोरकूचे नमुने गोळा करायचे ठरवले तर मी आणि माझे दोन सहकारी सुटीच्या दिवशी विनामूल्य काम करायला तयार आहोत.

मोहफूल

दादा, आपण तयारी दाखवलीत म्हणून लगेच लिहिते. दिवाळीनंतर मजुरीसाठी बाहेर पडलेली आमची कुटुंबे होळीला गावी परततात. तो कोरकूंचा सर्वांत मोठा सण आहे आणि त्या आठवड्यात आजी, आई आणि लेकरे एकाच अंगणात सापडतात. माझ्या बीटमधील कोरकू सेविकांशी मी बोलले आहे. रोजच्या वापरातील शब्द, लेकरांना दिल्या जाणाऱ्या सूचना आणि अंगाई त्या स्वतः म्हणून ध्वनिमुद्रित करायला तयार आहेत, मात्र त्यांच्या तीन अटी आहेत. मुद्रण कोणाकडे राहील ते ग्रामसभेत सांगावे, त्या दिवसाची मजुरी मिळावी, आणि जे तयार होईल ते आधी त्यांच्या अंगणवाडीत चालून दाखवावे. लेकरांचे आवाज पालकांनी होकार दिल्याखेरीज घेतले जाणार नाहीत.

मला आपल्याकडून हवे आहे ते असे: नेटवर्क नसताना साध्या मोबाइलवर मुद्रण करून नंतर चिखलदऱ्याला आल्यावर पाठवता येईल अशी सोय, आणि कोणती वाक्ये घ्यायची याची यादी. यादीचा पहिला खर्डा निर्गुडीताई आणि पऱ्हाटीताई यांनी मिळून करावा, कारण ‘मान धर’, ‘इकडे बघ’, ‘दुखते कुठे’ यांसारखी वाक्ये त्यांना रोज लागतात. मी त्याचे कोरकू सेविकांकडून करून घेते.